बसून वाजवायच्या चार चाली

वाजवताना बसलेला बँडवाला कुणी बघितलाय का? पंगतीत बसलेला बघितला असेल, तोही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर. टेंपोत बघितला असेल, ढोलाला टेकून पेंगताना. पण वाजवताना बँडवाला उभाच. नवरा घोड्यावर, वऱ्हाड नाचतंय, आणि हा आपला मे महिन्यात लाल कोट घालून पुढं पुढं चालतोय. तो बसला की लोक समजतात, सुपारी संपली.

म्हणून रोहिदास मास्तरानं आपला सबंध बँड खुर्च्यांवर बसवला, तेव्हा खालापूरपासून चौकपर्यंत लोक हसले. हसायला काय, तोंड असलं की झालं. मी त्याची शेजारीण, आणि माझाच विलास त्या बँडात साईड ड्रम वाजवायचा, म्हणून मला यातलं थोडं आतलं ठाऊक आहे. ते लिहून ठेवते. शाळा मी दुसरीपर्यंतच पाहिली. काना-मात्रा इकडचा तिकडं झाला तर वाचणाऱ्यानं सरळ करून घ्यावा.

रोहिदास असा की गर्दीत उभा केला तर गर्दीतच जाईल. अंगानं बारीक, डोकीवरचे केस संपलेले, आवाज इतका बेताचा की रूपालीला, म्हणजे त्याच्या बायकोला, चुलीपुढून दोनदा विचारावं लागतं, "काय बोल्लात?" खोपोलीच्या एका कारखान्यात फिटर. साहेबाशी कधी भांडण नाही, त्यामुळं कधी बढतीही नाही. लग्नसराईत रजा टाकायची आणि बँड. त्याच्याबरोबर रस्त्यानं चालणं म्हणजे शिक्षा. त्याचं पाऊल ठेक्यात पडतं. तुम्ही बोलता बोलता मागं राहिलात तरी तो थांबत नाही, मधेच थांबलं तर म्हणे डोक्यातली चाल मोडते. मात्र एकदा क्लॅरिनेट ओठाला लावली की रूपालीला दोनदा विचारावं लागत नाही. सगळ्या आळीला ऐकू जातं.

बँड मूळचा त्याचा नव्हे, सहदेव मास्तरांचा. सहदेव मास्तर तरुणपणी मुंबईत एका निवृत्त पोलीस बँडवाल्याकडं शिकले आणि गावात येऊन त्यांनी आठ-दहा पोरांना फुंकायला लावलं. सिनेमाचं गाणं मास्तरांच्या बँडात एकदा शिरलं की मूळ गाणं कुणाला आठवायचं नाही. हळदीला, वरातीला, देवाच्या पालखीला, सगळीकडं मास्तर. माणूस गडगडाटी. हसला तर भांडी वाजावीत.

आणि मग एका सकाळी मास्तरांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली. क्लॅरिनेट खुंटीला लागली ती लागलीच. त्यानंतर जगले ती सगळी वर्षं मास्तर पडवीतल्या खाटेवर होते. त्या खाटेवर त्यांनी चार चाली बांधल्या. नुसत्या वाजवायच्या, शब्द नाहीत. एकेक इतकी लांब की देवळापासून निघालं तर नदी येईपर्यंत पुरावी. नावंही दिली नाहीत. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी.

कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी पोरं खाटेभोवती उभी राहायची. मास्तर तोंडानं गायचे, पोरं वाद्यावर उचलायची. आमच्याकडं कागदावर सूर लिहायची चाल नाही, सगळं तोंडातून कानात. मास्तर गायचे सावकाश. एक ओळ गायची, थांबायचं, बराच वेळ थांबायचं, मग पुढची. पोरांना वाटायचं, जीभ उचलत नाही, दम पुरत नाही, मधेच विसरतात बिचारे. वाईट मनानं नाही, मायेनंच वाटायचं. आजारी माणसाच्या हातून भाकरीचा तुकडा पडला तर आपण न बोलता उचलून ताटात ठेवतो ना, तसं पोरांनी मास्तरांचं थांबणं उचललं. चाल चालायच्या पावलावर आणली. रिकाम्या जागा साईड ड्रमनं भरल्या. आणि दणक्यात वाजवून दाखवली, "मास्तर, बघा, तुमची चाल कशी उभी राहिली!" मास्तर डोळे मिटून घ्यायचे. दमले असतील म्हणून सगळे उठायचे.

मास्तर गेले तेव्हा त्यांना पहिलीच चाल वाजवत नदीवर नेलं. त्यानंतर चारी चाली बँडाच्या नेहमीच्या झाल्या. तिसरी तर हळदीला हटकून लागायची. तिच्यात मधे एक मोठी रिकामी जागा होती, तिथं माझ्या विलासनं एक तोडा बसवला होता. पोरी हळदीचे हात वर करून त्या तोड्याची वाट बघायच्या. विलासला लोक नावानं ओळखत नव्हते, "तो तिसरीचा तोडावाला" म्हणून ओळखायचे. मलाही बाजारात कोणी कोणी तोडावाल्याची आई म्हणालंय, आणि मी काही नको म्हटलं नाही.

मास्तरांच्या मागं बँड रोहिदासकडं आला. त्यानंही कितीतरी वर्षं तसाच चालवला. कारखान्यातल्या यंत्रांनी त्याला कधी ओरखडा काढला नाही, पण एका वरातीला टेंपोतून उतरताना पाय मुरगळून पडला आणि घोट्याचं हाड मोडलं. प्लॅस्टर चढलं. जन्मभर ठेक्यात चालणारा माणूस खाटेवर बसला.

करणार काय? क्लॅरिनेट काढली. आमच्या दोन घरांत एकच भिंत, त्यामुळं त्याच्या घरातलं मला तिकीट न काढता ऐकू येतं. एका दुपारी एक चाल आली. ओळखीची वाटली, पण ओळख पटेना. लग्नात नटलेली बाई आपण ओळखतो आणि तीच दवाखान्यात बाकावर बसलेली दिसली तर बघतच राहतो, तसं झालं. हातातलं सूप ठेवून मी त्याच्या दारात गेले.

"मावशी, वळखली का?" त्यानं विचारलं.

"मास्तरांची दुसरी ना रं? पण इतकी हळू का वाजवतोस? पाय ठणकतोय का?"

तो हसला नाही. माझ्याकडं बघत राहिला. "तुमीपण तेच बोल्लात," तो म्हणाला. "मास्तरांना आमी तेच बोल्लो. हळू गातायत म्हणजे दुखत असंल."

मला काही उमजलं नाही. त्यानं सांगितलं ते असं. उभ्यानं, चालत वाजवायची सवय होती तोवर ती चाल पावलाच्या मागं पळायची. आता पायच नाहीत. बसल्या जागी वाजवायला गेला तर पहिल्या ओळीनंतर श्वास आपोआप थांबायला लागला. त्यानं थांबू दिला. मग दुसरी ओळ जिथून निघायला हवी तिथूनच निघाली. "मावशी, ही चालायची चालच नाय. खाटेवरच्या माणसानं खाटेवरून बांधलेली हाय. आमी तिला ओढत रस्त्यावर नेली."

"मग आता?"

"काकींना इचारायला पायजे."

काकी म्हणजे मास्तरांची आनंदी वैनी. दोन आळ्या पलीकडं तेच घर, तीच पडवी. रोहिदास कुबडी आणि माझा खांदा धरून निघाला. वैनी मोड आलेले वाल सोलत बसली होती. तिचा उजवा कान केव्हाच गेलेला, डावाही मावळतीला लागलेला. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं होतं की हा कानही आता राहायचा नाही, जेवढे दिवस ऐकू येतंय तेवढे आपले. ती कुणी आलं की डावी बाजू पुढं करायची. रोहिदास तिच्या डाव्या अंगाला बसला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्यानं विचारलं, "काकी, मास्तरांची जीभ जड होती म्हणून सावकाश गायचे का?"

वैनीनं वाल खाली ठेवले.

"जीभ जड होती रं," ती म्हणाली, "कान कुठं जड होते?"

वैनीनं हात पदराला पुसले.

"तुमी वाजवून गेलात की तोंड भिंतीकडं करून रडायचे. मला वाटायचं, आपल्याला वाजवता येत नाय म्हनून रडतायत. एकदा डाव्या हातानं असं केलं." तिनं तळहात खाली दाबून दाखवला, हळू, हळू. "मला वाटलं, उशी खाली कर बोलतायत. मी उशी खाली केली."

रोहिदासनं मान खाली घातली. मी पदर तोंडाला लावला. वैनीच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. ती पुढं सांगत होती, बाजारभाव सांगावा तसं.

"संध्याकाळी मी त्यांचा पाय चेपायची. गेलेला पाय. तेवा गायचे ते. सगळ्या चाली पुन्यांदा गायचे, त्यांच्या मनासारख्या. मला त्यातलं कळत नाय काय. पण माझ्या हातांना ठाऊक हाय."

मग जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं. वैनीनं एक गोधडी गुंडाळून पुढ्यात घेतली आणि पाय चेपतात तशी चेपायला लागली. रोहिदासनं क्लॅरिनेट जुळवली आणि तिच्या हातांकडं बघत पहिली चाल धरली. तो पुढं गेला की ती म्हणायची, "थांब." हात गोधडीवर तसेच. पडवीत माशी वाजावी इतकं शांत. मग हात पुन्हा दाबले जायचे आणि ती म्हणायची, "आता." असं कितीतरी रविवार चाललं. पाय बरा झाला, प्लॅस्टर उतरलं, तरी तो जातच राहिला. वाल संपून कैऱ्या धरल्या, पाऊस होऊन गेला, भात झोडून झालं. चारी चाली त्यानं त्या गोधडीवरून नव्यानं शिकून घेतल्या.

एका संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन म्हणाला, "मावशी, काकींचा कान हाय तोवर एकदा सगळा बँड घेऊन त्यांच्या अंगणात वाजवायचं. मास्तरांच्या तिथीला. त्यांनी त्या चाली पुऱ्या बँडात कधी ऐकल्याच नायत. म्हनजे आमी ऐकवल्या, पण त्या त्यांच्या नव्हत्या." विलास आत जेवत होता. त्यानं ताटावरून मान वर केली, घास तसाच हातात. मला तेव्हाच कळलं की गाडी कुठं अडणार.

शाळेच्या व्हरांड्यात तालीम धरली. रोहिदासनं खुर्च्या मांडल्या. बँडवाले खुर्च्यांकडं बघत राहिले, जणू त्यांच्यावर ओलं काहीतरी सांडलंय.

"मी बसून फक्त जेवतो," जयवंता म्हणाला. हा म्हातारा ट्रम्पेटवाला, तोंडाचा फाटका. "बसून फुकलं तर दम पोटात जातो, रोहिदास. मग तो दुसरीकडून वाजतो."

सगळे हसले, रोहिदासही हसला आणि म्हणाला, "वाजू दे, ठेक्यात वाजला तर मी काय बोलनार नाय." तशी एकेक जण बसला. जयवंताच्या आणि दुसऱ्या ट्रम्पेटच्या तोंडात रोहिदासनं पंचा कोंबायला लावला. मोठा ढोल काठीनं नव्हे, नुसत्या तळहातानं. शिट्टी त्यानं खिशात घातली. बँडमास्तर शिट्टी मारून सुरू करतो, हातातली काठी नाचवतो. यानं क्लॅरिनेट जिथं जिथं थांबायची तिथं डावा तळहात समोर धरला आणि तोच खाली-वर करायला लागला.

विलासला राहवेना. "तुझा काय हात लुळा पडला काय रं दादा?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच लागलं. पण माझं पोरगं मागं फिरणारं नाही. "पहिलीत मला शेवटीच काम. दुसरीत कायच नाय. तिसरीत माझी जागा, तिथं तू बोलतोस गप बस. मग मी आलोय कशाला?"

"गप बसायला," रोहिदास म्हणाला. "ती जागा रिकामी नाय. ती मास्तरांची हाय."

"मास्तर आजारी होते! धडधाकट असते तर त्यांनीच जलद वाजवली असती."

"असंल," रोहिदास सावकाश म्हणाला. "पण धडधाकट असते तर त्यांनी या चाली बांधल्याच नसत्या."

विलास ड्रम गळ्यात अडकवून घरी आला. घरी येऊन माझ्यावर ओरडला, कारण घरी दुसरं कोणी नव्हतं. "लोकं त्या तोड्यासाठी बोलावतात आमाला, आये! याला बँड बुडवायचाय. लोक आता डीजे लावतात, बेंजो बोलवतात. आमच्याकडं एक तोडा उरलाय, तोपण हा काढून टाकनार."

ते खोटं नव्हतं. लग्नसराई आधीच बारीक झाली होती, बँडातले दोघं बेंजो पार्टीत जायच्या गोष्टी करत होते. रोहिदासचं म्हणणं खरं आणि माझ्या पोराचं पोटही खरं. मी काय न्याय करणार?

"तुला गप बसायला जमायचं नाय," मी एवढंच म्हटलं. "लहानपणापासून जमलं नाय. उगाच त्याला दोष देऊ नको."

"मला जमत नाय?"

"नाय जमत. बारशालापण बोंबलत होतास."

दुसऱ्या रविवारी तो तालमीला गेला. रागानं गेला, पण गेला. परत आल्यावर मला म्हणाला, "एकदाच. मास्तरांसाठी. नंतर मी बघीन माझं." रोहिदासलाही त्यानं हेच सांगितलं. रोहिदासनं मान डोलवली.

तिथीचा दिवस उजाडला तेव्हा थंडी होती. मांडववाल्यानं प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणून टाकल्या. वैनीच्या अंगणात आंब्याखाली बँड बसला, लाल कोटात, गुडघे जुळवून, फोटो काढायला बसल्यासारखा. वैनी पडवीच्या पायरीवर, डावा कान अंगणाकडं करून. आळीतली माणसं आली, पलीकडच्या वाडीतली आली. रस्त्यानं एक मोटारसायकलवाला चालला होता, तो बँड बसलेला बघून थांबला.

"कोन गेलं?" त्यानं विचारलं.

"मास्तर," जयवंता म्हणाला.

"कवा?"

"लई वर्सं झाली. तुला आता कळतंय."

पहिली चाल सुरू झाली. मला सुरांतलं कळत नाही, पण आजारी माणूस मला कळतो. माझ्या सासूला मी उठवलंय-बसवलंय. तो उठतो कसा? आधी हात खाटेच्या कडेला लागतो. मग दम खातो. मग कोपर. पुन्हा दम. घरातल्या माणसानं हात पुढं केला तर नको म्हणतो. ही चाल तशी होती. एकटी क्लॅरिनेट उठायला बघायची, मागून पंचा कोंबलेली ट्रम्पेटं तिला धरायला यायची आणि ती धरू द्यायची नाही. शेवटी एकदाची उठून बसली, तेव्हा विलासच्या ड्रमचा ठेका आला, अगदी अलगद, आणि मला नदीची वाट आठवली. याच चालीवर आम्ही मास्तरांना नदीवर पळवत नेलं होतं.

लोकांना मात्र असं काही वाटलं असेल तर त्यांनी दाखवलं नाही. मागं कुजबूज सुरू झाली. एक पोरगा ओरडला, "मास्तर, सेल संपला काय?" हशा पिकला. दुसरी चाल अर्ध्यावर आली तेव्हा बायका पोरं उचलून निघाल्या, कुणाची म्हैस यायची होती, कुणाचं दूध उतू जाणार होतं. अर्धं अंगण मोकळं झालं. रोहिदासचा हात ढळला नाही. पण मी त्याच्या मागच्या बाजूला होते, त्याचा कोट पाठीला चिकटला होता, एवढ्या थंडीत.

मग तिसरी. आधी कुणी ओळखली नाही. थोडी पुढं गेल्यावर एका बाईनं दुसरीला कोपरानं ढोसलं, "अगो, ही तर आपली हळदीची!" चेहरे खुलले. जाणारी माणसं थांबली. दोघी-तिघींनी टाळीला हात उचलले. पण टाळी धरायला ठेका सापडेना, तसे हात तसेच राहिले. ओळखीची चाल इतकी सावकाश समोरून येत होती की तिच्यात मागं काय काय होतं ते दिसायला लागलं. आम्ही एवढी वर्षं हिच्यावर नाचत होतो. ही नाचायची नव्हती. हिच्यात कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगत होतं, पुन्हा पुन्हा, आणि पुरतं सांगता येत नव्हतं.

जागा जवळ आली. सगळ्यांना ठाऊक होती ती जागा. सगळ्यांच्या माना विलासकडं वळल्या. मी त्याच्या हातांकडं बघत होते. काठ्या वर गेल्या. सवयीनंच गेल्या असणार, इतकी वर्षं त्या जागेवर त्या वरच जायच्या. क्लॅरिनेट थांबली. रोहिदासचा तळहात हवेत थांबला. विलासच्या काठ्या हवेत.

बोरघाटात चढणाऱ्या ट्रकांचा आवाज आला. कुठंतरी कोंबडा ओरडला. कोणी खोकलं नाही.

विलासनं काठ्या खाली आणल्या आणि कातड्यावर ठेवल्या, झोपलेल्या मुलावर पांघरूण ठेवावं तशा. आवाज झाला नाही. त्याचा चेहरा लालभडक झाला होता. तो खाली बघत होता. मग क्लॅरिनेट पुन्हा उठली आणि चाल पुढं गेली.

चौथी मी नीट सांगू शकत नाही. लग्नातल्या सगळ्या चाली धडाक्यात संपतात, लोकांना कळावं लागतं की संपली. ही कधी संपली ते कळलंच नाही. एकेक वाद्य आपापलं थांबत गेलं, घरातली माणसं एकेक करून निजावीत तसं, आणि शेवटी रोहिदास क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बसलेला. टाळ्या नाहीत. लोक थोडा वेळ थांबले, मग चपला शोधायला लागले. एक म्हातारा मला म्हणाला, "चांगलं होतं, पण लग्नाला नको गं बाई." दुसरा नुसता हात जोडून गेला.

बँडवाल्यांनी कोट काढले. विलासनं ड्रम नेऊन टेंपोत ठेवला. मांडववाला खुर्च्या एकात एक घालायला लागला. रोहिदास पडवीच्या पायरीशी गेला, वैनीच्या डाव्या बाजूला टेकला. मी जवळच होते.

"काकी, बरोबर झाली का?"

वैनी अंगणातल्या खुर्च्यांकडं बघत होती. मला वाटलं, तिला ऐकूच आलं नाही.

"मला काय कळतंय रं त्यातलं," ती म्हणाली. "पयली त्यांचीच. दुसरीपण. चौथी मला पुरती ऐकू नाय आली, शेवट बारीक होता." मग पदराशी चाळा करत म्हणाली, "तिसरीत त्या जागेला ते माझ्याकडं बघायचे. मी चेपता चेपता हात थांबवायची आनि वर बघायची. मग गायचे पुढचं. तू लोकांकडं बघितलंस."

रोहिदासनं क्लॅरिनेट पुन्हा हातात घेतली. मग उठला आणि अंगणाकडं वळून म्हणाला, "तिसरी पुन्हा घ्यायची." आवाज नेहमीसारखाच, बेताचा. तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"आता? कोट काढला की रं," जयवंता कुरकुरला आणि कुरकुरतच बसला. मांडववाल्यानं उचललेल्या खुर्च्या परत मांडल्या. या वेळी रोहिदासनं खुर्ची लोकांकडं पाठ करून पायरीला लावून घेतली, वैनीच्या समोर, डाव्या अंगाला. तशीही लोकं उरली नव्हतीच. मी, रूपाली, आणि पायरीवर वैनी.

विलास टेंपोच्या दाराशी उभा होता. ड्रम आत होता, वर दोरी बांधून झाली होती. त्याचं 'एकदाच' संपलं होतं. रिकाम्या हातानं आला आणि आपल्या खुर्चीवर बसला, दोन्ही तळवे मांडीवर पालथे घालून.

चाल त्या जागेवर आली. रोहिदास थांबला आणि वैनीकडं बघितलं. वैनीनं वर बघितलं. या खेपेला ती जागा मघाच्यापेक्षा लांबली, किती ते मला सांगता येणार नाही. मांडववाला हातात खुर्ची घेऊन उभा होता, त्यानंही ती खाली ठेवली नाही. विलासचे हात मांडीवर होते तसेच होते. वैनीनं मान हलवली, तेव्हा रोहिदासनं पुढची ओळ उचलली.